कुणी जातंय का तिकडे?

विमानतळाजवळ घर असले की स्वतः विमानात बसण्याचा योग क्वचित येतो, पण इतरांची विमाने मात्र रोज सांभाळावी लागतात. आम्ही सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्याच्या बाजूला राहतो. डोक्यावरून विमाने इतकी खालून जातात की वर्गात वाक्य अर्धवट थांबवायचे आणि आवाज गेला की तिथूनच पुढे सुरू करायचे, याची आम्हाला सवय झाली आहे. मुलांनाही झाली आहे. महाड, श्रीवर्धन, दापोलीकडून पहाटेच्या विमानासाठी निघालेले नातेवाईक आदल्या रात्री आमच्याकडे उतरतात. दिवाणखान्यात चटया पडतात, तीन वाजता चहा होतो, टॅक्सी येते, दुआ होते, दार लागते.

माणसांच्या आधी मात्र पार्सले येतात. मोहल्ल्यात कुणाचा व्हिसा आला किंवा कुणाचा उमरा ठरला की ही बातमी आमच्या आधी इतरांना कळलेली असते. मग दारावर टकटक होते आणि तोच प्रश्न येतो, "कुणी जातंय का तिकडे?" दुबई, शारजा, दोहा, कुवेत, जेद्दा, रियाध, या सगळ्याला 'तिकडे' हा एकच शब्द पुरतो. प्रश्नाबरोबर हातात पिशवी असतेच. सुके बोंबील, पापड, गरम मसाला, सांदण, आईने शिवलेला कुर्ता, दमेकऱ्याची औषधे, लग्नाच्या पत्रिका. एकदा एका गृहस्थांनी पाटा-वरवंटा आणला होता. लहानसाच होता, असे त्यांचे म्हणणे.

ही सगळी मंडळी पोस्टाने का पाठवत नाहीत, असे आमच्या एका सहकारी शिक्षिकेने विचारले होते. प्रश्न वाजवी आहे. आपल्याकडे 1972 पासून पिनकोड आहे. सांताक्रूझ पूर्वेला 400055 लिहिले, इमारतीचे नाव लिहिले, समोरचे दुकान लिहिले की पोस्टमन जिना चढून वर येतो. आखाती देशांत घरोघरी टपाल वाटण्याची अशी पद्धत पूर्वापार नव्हतीच. तिथे टपाल जाते ते पोस्ट बॉक्समध्ये, आणि नोकरी करणाऱ्या माणसाचा बॉक्स बहुधा त्याच्या कंपनीचा असतो. लेबर कॅम्पमध्ये आठ जणांच्या खोलीत राहणाऱ्या मुलाचा पत्ता म्हणजे कंपनीचे नाव आणि बॉक्सचा नंबर. आईने पाठवलेला डबा आधी ऑफिसात जाणार, कुणीतरी निरोप देणार, मग तो शुक्रवारी आणायला जाणार. तोवर सांदणाचे काय व्हायचे ते झालेले असते.

सौदी अरेबियात आता परिस्थिती बदलली आहे. तिथे प्रत्येक इमारतीला 'नॅशनल अॅड्रेस' आहे: इमारतीचा चार अंकी नंबर, रस्ता, मोहल्ला, शहर, पाच अंकी पोस्टल कोड आणि वर आणखी चार अंकी जादा नंबर. हेच सारे चार अक्षरे आणि चार अंकांच्या एका छोट्या पत्त्यातही बसवले आहे. मुलगा, जावई किंवा भाऊ सौदीत असेल तर तो पत्ता त्याच्याकडून लिहून घ्या आणि घरच्या वहीत ठेवा. फोनमध्ये असतो, हे आम्हालाही माहीत आहे. पण फोन हरवतो तेव्हाच पत्ता लागतो.

पोस्टाने पाठवायचेच असेल तर एक लक्षात ठेवावे. परदेशी पार्सलासोबत कस्टमचा फॉर्म भरावा लागतो. लहान पाकिटाला सीएन 22, मोठ्याला सीएन 23. आत काय आहे, किती आहे, वजन किती, किंमत किती, हे त्यात लिहायचे. 'घरगुती सामान' असे लिहून चालत नाही. 'सुती कुर्ते 2, पापड 1 किलो' असे लिहावे. प्रवासात हॉटेलवर काही मागवायचे असेल, म्हणजे चष्मा घरी राहिला किंवा औषध संपले, तर आधी हॉटेलला फोन करून ते पार्सल घेतात का, किती दिवस ठेवतात, हे विचारावे. नाव पासपोर्टवर आहे तसेच लिहावे, आणि खाली उतरण्याची तारीख व बुकिंगचा नंबर लिहावा. आपल्याकडे पासपोर्टवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि मोहल्ल्यात तिसरे असा प्रकार फार. रिसेप्शनवरच्या परक्या माणसाला 'बब्बू' कोण हे कळण्याची सोय नसते.

तरीही हाताने पाठवण्याला आपल्याकडे जी गोडी आहे ती पोस्टाला नाही, हे मान्यच करायला हवे. ती फार जुनी आहे. 1995 पर्यंत मुंबईहून हजची जहाजे सुटत. त्या साली 'अकबरी' जहाजाची शेवटची फेरी झाली आणि समुद्रमार्ग बंद पडला. जहाजाच्या काळातल्या बायकांकडून आम्ही लहानपणी ऐकलेले आहे: गावाहून आलेली माणसे क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरत. पत्र्याच्या पेट्या, दोरीने बांधलेले बिछाने, तांदळाची गोणी, लोणच्याच्या बरण्या आणि कफनाचे कापड, जे जमजमच्या पाण्यात भिजवून परत आणायचे. पेटीवर रंगाने नाव, गाव, तालुका, जिल्हा. हजला जाणाऱ्याकडे अख्खा गाव काहीतरी द्यायचा, आणि परतणाऱ्याकडून अख्खा गाव काहीतरी घ्यायचा. खजूर, तसबीह, जाएनमाज, पाण्याची लहान डबी. जहाजात जागा होती, वेळही होता आणि तपासणीची यंत्रे नव्हती. विमानात यातले काहीच उरलेले नाही. सवय मात्र जहाजाचीच राहिली.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे वळतो.

2019 च्या जुलै महिन्यात मुंबईचे एक तरुण जोडपे दोह्याच्या विमानतळावर पकडले गेले. आपल्याच समाजातले, आपल्यासारख्याच घरातले. ही सहल नात्यातल्या एका बाईंनी भेट म्हणून दिली होती आणि सोबत एक पाकीट दिले होते, तिकडे कुणाला तरी पोहोचवायला. आत जर्दा आहे, असे सांगितले होते. निघाला चार किलोच्या वर चरस. मुलगी तेव्हा गरोदर होती. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली आणि बाळ तुरुंगात जन्मले. इकडे घरच्यांनी अमली पदार्थविरोधी खात्याकडे धाव घेतली, तपास झाला, यांना फसवले गेले हे पुढे आले आणि 2021 च्या मार्चमध्ये तिथल्या न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडले. एप्रिलमध्ये ती तिघे मुंबईला परतली. तिघे, कारण जाताना दोघे होते.

ही बातमी सगळ्यांनी वाचली, हळहळ केली आणि आठवडाभरात पुन्हा न उघडलेल्या पिशव्या घेऊन लोक आमच्या दारात उभे. "ते वेगळं होतं, हे आपल्या घरचं आहे," असे म्हणतात. पण त्या जोडप्यालाही पाकीट परक्याने दिलेले नव्हते. नात्यातल्याच माणसाने दिले होते. अनोळखी माणसाकडून पिशवी घेऊ नये हे आता शेंबडे पोरही सांगते; अडचण ओळखीच्या माणसाची असते.

शिवाय पाठवणाऱ्याच्या मनात पाप असलेच पाहिजे असे कुठे आहे? तीनेक वर्षांपूर्वी आमचा एक भाचा नोकरीसाठी पहिल्यांदा शारजाला निघाला. आदल्या रात्री मोहल्ल्यातल्या एक खाला पांढऱ्या कापडात शिवलेले पार्सल घेऊन आल्या. त्यांची मुलगी तिकडे, आठवा महिना लागलेला. "बाळंतिणीचं आहे, तिच्या हातात दे रे बाबा." भाचा लगेच हो म्हणाला. आमच्या घरात नियम आहे म्हणून आम्ही कात्री मागितली. खालांचा चेहरा उतरला. "आमच्यावर विश्वास नाही का?" हे वाक्य ऐकले की भल्याभल्यांचा हात मागे जातो. आमच्या अम्मींनी कात्री आणून शिवण उसवली. आत डिंक, खारीक, बदाम, सुंठ, कफ सिरपच्या दोन बाटल्या आणि अर्धा किलो खसखस.

आपल्याकडे खसखस वाण्याच्या दुकानात उघड्यावर मिळते. डिंकाच्या लाडवात ती नसेल तर लाडू लाडू वाटत नाही. पण खसखस म्हणजे अफूच्या झाडाचे बी. बी नशा आणत नाही, मात्र बोंडातल्या चिकाचा अंश त्याला लागून राहू शकतो. म्हणून संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया, सिंगापूर अशा देशांत ती अमली पदार्थांतच धरतात आणि आणणाऱ्याला तुरुंगात टाकतात. लाडवासाठी होती, हे सांगून भागत नाही. कफ सिरपमध्ये कोडीन असेल तर तीच गत. ट्रॅमॅडोलसारख्या दुखण्यावरच्या गोळ्यांचेही तसेच. खालांना यातले काहीच ठाऊक नव्हते. आईचे काळीज, दुसरे काय. पण पकडला गेला असता तो भाचा, ज्याने खालांच्या मुलीचे तोंडही पाहिलेले नव्हते.

खसखस आणि बाटल्या काढून ठेवल्या, बाकीचे पार्सल गेले. दुसऱ्या दिवशी त्या वस्तू आम्ही खालांच्या घरी नेऊन दिल्या. त्याही त्यांच्या ठेवच होत्या. त्या रमजानमध्ये त्यांच्याकडून इफ्तारीचे ताट आले नाही. आमच्याकडून गेले. मुलीचे बाळंतपण खसखशीविना सुखरूप पार पडले, ही बातमी आम्हाला तिसऱ्याच माणसाकडून कळली.

या नाराजीत एक शब्द नेहमी मध्ये येतो, अमानत. "अमानत आहे, उघडू नका." हिजरतच्या रात्री जीव धोक्यात असताना पैगंबरांनी (स.) मक्केतल्या लोकांच्या ठेवी ज्याच्या त्याला परत करण्यासाठी हजरत अलींना (रजि.) मागे ठेवले, हे मुलांना आम्ही दरवर्षी शिकवतो. त्या ठेवी कुणाच्या, काय आणि किती, हे ठाऊक होते म्हणूनच त्या परत करता आल्या. आत काय आहे हे घेणाऱ्याला माहीत नाही, अशा गाठोड्याला अमानत म्हणावे की नुसते ओझे, हा विचार वाचकांनी करावा. मोजून देणे आणि मोजून घेणे यात अविश्वास कसला? सोने ठेवायला देताना आपण वजन करूनच देतो ना?

आमच्या घरी आता पार्सल उघडेच आणायला सांगतो. शिवलेले, टेप मारलेले, भेटवस्तूच्या कागदात गुंडाळलेले घेत नाही. वस्तू एकेक करून प्रवास करणाऱ्याच्या समोर बाहेर निघतात, कागदावर यादी होते, यादीवर देणाऱ्याची सही आणि घेणाऱ्याचा तिकडचा फोन नंबर. त्या नंबरावर तिथल्या तिथे फोन लावतो आणि यादी वाचून दाखवतो. मग प्रवासी स्वतःच्या हाताने बॅग भरतो. विमानतळाच्या काउंटरवर "बॅग तुम्हीच भरली का? कुणी काही दिलंय का?" असे विचारतात तेव्हा त्याला खोटे बोलावे लागू नये. साबणाच्या वड्या, टाल्कम पावडरचे डबे, चपलांचे जाड तळवे, लोणच्याच्या बरण्या, म्हणजे जे फोडल्याशिवाय आत दिसत नाही ते सरळ परत. पाटा-वरवंटाही परत, पण त्याचे कारण वजन. औषध असेल तर मूळ स्ट्रिपमध्ये, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि ज्याचे औषध त्यानेच न्यावे हे बरे. चिठ्ठीवर औषधाचे कंपनीचे नाव असते तसे मूळ नावही लिहून मागा. तिकडच्या अधिकाऱ्याला इथली कंपनी माहीत नसते.

यामुळे आमच्याकडे येणारी पार्सले निम्म्यावर आली. काही माणसेही कमी झाली, हे लपवत नाही.

हजला जाणाऱ्यांच्या बाबतीत तर दुप्पट काळजी हवी, कारण तिथे सामान बराच वेळ आपल्या हातातच नसते. विमानातून उतरलेल्या पेट्या जेद्दा किंवा मदिन्याहून बसने वा ट्रकने मुक्कामाच्या इमारतीत जातात. कधी माणूस आधी पोहोचतो, कधी पेटी, आणि मधले काही तास दोघांचा पत्ता एकमेकांना नसतो. एकाच रंगाच्या शेकडो पेट्या इमारतीच्या खाली उतरवलेल्या असतात. ओळखीसाठी प्रत्येकाने रिबीन बांधलेली असते आणि प्रत्येकाची रिबीन हिरवीच असते. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी आपल्या वालिदांच्या पेटीवर ऑइल पेंटने मोठा आंबा काढून दिला होता. वालिद आधी रागावले. मक्केत सगळ्यांत आधी त्यांचीच पेटी सापडली. नाव, कव्हर नंबर, पासपोर्ट नंबर आणि मुक्कामाच्या इमारतीचा नंबर पेटीच्या बाहेर लिहाच, पण एक कागद पेटीच्या आतही ठेवा. बाहेरचे लेबल फाटते. आणि दोन-तीन दिवसांची औषधे, इहराम, चष्मा आणि एक कपड्याचा जोड हातातल्या पिशवीत. मिनाला जाताना मोठी पेटी खोलीवरच राहते, तिथे लहान पिशवी पुरते. तरी आपली माणसे तिथेही अर्धे घर घेऊन निघतात.

सौदी सरकारने 2017 पासून 'मक्का रूट' नावाची सोय सुरू केली. मलेशिया, इंडोनेशियासारख्या देशांतल्या हाजींचे इमिग्रेशन त्यांच्याच देशातल्या विमानतळावर होते, पेटीला तिथेच मुक्कामाचा टॅग लागतो आणि ती परस्पर खोलीपर्यंत जाते. जपानात तर साध्या पर्यटकालाही अशी सोय आहे. यामातो नावाच्या कंपनीने 1976 मध्ये घरपोच पार्सलाची सेवा सुरू केली आणि आज तिथे लोक एका हॉटेलातून पेटी पुढच्या शहरातल्या हॉटेलात धाडून देतात आणि स्वतः मोकळ्या हाताने आगगाडीत बसतात. आपल्याकडे सत्तरीच्या बाईने दोन पेट्या, हातातली पिशवी आणि खांद्यावरची थैली घेऊन जिना उतरावा लागतो, आणि वर तिला सांगतात, सामान कमी आणा.

पेटी आलीच नाही किंवा फुटून आली, तर विमानतळ सोडण्याआधी विमान कंपनीच्या सामान काउंटरवर लेखी तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर घ्या. घरी जाऊन फोन करू, असे म्हणू नका. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असणाऱ्या माँट्रियल कराराप्रमाणे सामानाची मोडतोड झाली असेल तर सात दिवसांच्या आत लेखी कळवावे लागते, आणि पेटी 21 दिवसांत आली नाही तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते. त्यासाठी बोर्डिंग पासचा तुकडा आणि पेटीच्या टॅगचा तुकडा जपून ठेवायचा असतो. बहुतेक लोक तो टर्मिनलच्या दारातच टाकतात.

परतीच्या सामानाचे वेगळेच. जमजमचे पाणी पेटीत भरायला मनाई आहे. हाजींना ठरलेला पाच लिटरचा डबा विमान कंपनीकडून मिळतो. बाटल्या कपड्यांत गुंडाळून पेटीत दडवणाऱ्यांच्या पेट्या तिथेच उघडल्या जातात आणि मग सगळ्यांच्या देखत कपडे, खजूर, चादरी फरशीवर पसरतात. जड सामान कार्गोने पाठवायचे तर पावतीवर वस्तूंची यादी, वजन आणि पोहोचवण्याचा पत्ता नीट वाचून घ्या. सोबत न आणलेल्या सामानाला सोबतच्या सामानासारखी करमाफी मिळत नाही, हेही आधीच हिशेबात धरा. पोस्टाने-कुरियरने भेट म्हणून येणाऱ्या वस्तूंची सूट तर भारत सरकारने डिसेंबर 2019 मध्ये काढून टाकली. अपवाद दोनच ठेवले, जीवनरक्षक औषधे आणि राखी. ईदीचे नाव त्यात नाही. तेव्हा अब्बूंनी दुबईहून कुरियरने पाठवलेल्या बाहुलीवर कस्टम का भरावा लागला, असे आमच्या वर्गातल्या मुलीने विचारले, तर आम्ही तिला नियम समजावून सांगितला. तिला तो पटला नाही.

उमऱ्याचा हंगाम आता सुरू होईल. आमच्या दाराशी जोड्यांच्या कपाटावर एक वही आणि बॉलपेन दोरीने बांधून ठेवले आहे. गेल्या आठवड्यात शारजावाल्या खाला आल्या होत्या, नातवासाठी झबली घेऊन. पिशवी उघडीच होती. त्यांनी स्वतःच वही ओढली आणि लिहिले, झबली 6, टोपडी 2, काजळ नाही.